मोपा ते मळा: लग्नघरच्या पाच पाहुण्यांच्या एका संध्याकाळचे प्रकरण

नागपूरहून पाच माणसे पणजीला लग्नासाठी येणार होती: माझी मावसबहीण (आमची ताई), भावोजी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, भावोजींचा कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ आणि भावोजींच्या आई. या आईंना घरात सगळे मोठी आई म्हणतात. वय 74, दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी. सामान म्हणजे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडी घराचे सामान. चाकांच्या मोठ्या बॅगा, आहेराच्या साड्यांची वेगळी पेटी, शिवाय संत्राबर्फीचे खोके.

उतरायचे होते आमच्या घरी, पणजीच्या मळा या भागात. पणजीचे मुख्य बसस्थानक पाटोवर आहे. तिथून ओरेच्या खाडीकाठाने चालत निघाले की फोंताइन्यासच्या पुढे मळा लागतो. अंतर किलोमीटरभर. तरुणाला पंधरा मिनिटे पुरतात. आमची गल्ली जुन्या पणजीतली असल्यामुळे चारचाकी तोंडाशीच थांबते, आत जाते ती फक्त स्कूटर.

हे प्रकरण सविस्तर लिहायचे कारण असे की विमानतळाहून शहरात कसे यायचे, असे कुणी विचारले की आपण लगेच किलोमीटर आणि भाडे सांगतो. या पाच जणांची अडचण त्या दोन्हींत नव्हती. ती होती उतरण्याच्या वेळेत, माणसांच्या संख्येत आणि शेवटच्या दीडशे पावलांत. यातले बरेचसे नागपुरात तिकीट काढले त्याच क्षणी ठरून गेले होते.

तिकीट काढताना

गोव्यात आता दोन विमानतळ चालतात. दाभोळी वास्कोजवळ आहे. पोर्तुगीज काळात, 1950 च्या दशकात तो बांधला गेला. 1961 नंतर तो नौदलाकडे आला आणि प्रवासी विमाने आजही नौदलाच्याच तळावर उतरतात. दुसरा पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर. त्याचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, 5 जानेवारी 2023 पासून तिथे प्रवासी विमाने सुरू झाली आणि त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव दिले आहे. तिकिटावर दोन्हींच्या पुढे 'गोवा' असते. फरक कळतो तो कोडवरून, म्हणजे दाभोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स. बाहेरगावच्या माणसाने या तीन अक्षरांकडे लक्ष का द्यावे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

ताईसमोर दोन पर्याय होते. एक थेट विमान, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मोपाला उतरणारे. दुसरे मुंबईत विमान बदलून भर दुपारी दाभोळीला पोहोचवणारे. थेट विमान स्वस्त होते आणि मोठ्या आईंना मुंबईत उतरून पुन्हा चढायचा त्रास नव्हता. तिने थेट घेतले. त्या निवडीत काही चूक होती असे मला आजही वाटत नाही. फक्त त्या स्वस्ताईत संध्याकाळची वेळही विकत घेतली गेली, आणि पुढचे सगळे तिच्याभोवती फिरले.

पणजी कुठे बसते

नकाशा पाहिला तर पणजी मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मधल्या तिसवाडीत आहे. म्हणून कोणत्याही विमानतळाहून आलात तरी पाणी ओलांडावेच लागते. दाभोळीहून येताना जुवारी लागते. मोपाहून येताना आधी कोलवाळला शापोरा आणि मग पर्वरी उतरून मांडवी. अंतरे फार वेगळी नाहीत. दाभोळी सुमारे तीस किलोमीटर, मोपा पस्तीसच्या आसपास. मडगावकराचे दुखणे निराळे आहे. दाभोळी त्याला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे, मोपा साठच्या वर. त्यामुळे मोपा लांब ही दक्षिण गोव्याची तक्रार पूर्ण खरी आहे, पण ती पणजीला तशीच्या तशी लागू होत नाही.

पणजीच्या माणसाला अंतरापेक्षा पुलांची काळजी असते, आणि त्याला इतिहास आहे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा राजधानीचा उत्तर गोव्याशी संबंध फेरीबोटीवर आला होता. ज्यांनी पलीकडच्या काठावर बेतीच्या धक्क्यावर रांगा लावल्या ते लोक आजही पुलापलीकडच्या कामाला निघताना वेळ हातात ठेवून निघतात. जुवारीचीही तीच गत होती. जुवारी पुलाच्या तोंडाशी कुठ्ठाळीला होणाऱ्या कोंडीमुळे विमान चुकू नये म्हणून पणजीची माणसे तीन-तीन तास आधी घर सोडत. डिसेंबर 2022 मध्ये जुवारीच्या नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाली आणि वर्षभरात दुसरी. तेव्हापासून दाभोळीच्या वाटेवरची ती धाकधूक गेली. आता कोंडी पर्वरीला आहे. तिथे महामार्गावर उन्नत रस्त्याचे काम सुरू आहे आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत म्हापशाहून पणजीकडे येणारी वाहने तिथे रांगत सरकतात. मोपाहून महामार्गाला जोडणारा रस्ता उत्तम आहे. धारगळला सुकेकुळणपर्यंत गाडी सुसाट येते. मग कोलवाळ, करासवाडा, गिरी. पर्वरी आली की वेग संपतो.

ठरलेला बेत

घरात लग्न होते. आमची गाडी दिवसभर हॉल, फुलवाला आणि भटजी यांच्यात अडकलेली. शिवाय ती लहान गाडी, चालक धरून पाच माणसांची. तिच्यात पाच पाहुणे आणि पेटी मावणे शक्यच नव्हते. म्हणून कदंबाची बस ठरली.

मोपाहून पणजीला कदंबाच्या वातानुकूलित इलेक्ट्रिक बस आहेत. कदंब परिवहन महामंडळ 1980 पासून गोव्यात बस चालवते आणि पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या त्यांच्या विनाथांबा शटलवर नोकरदार गोव्याचा मोठा भाग चालतो. शटलचे तिकीट खिडकीवर आधीच काढायचे, बस मध्ये कुठे थांबणार नाही, उभे प्रवासी नाहीत. ज्याने एकदा ही व्यवस्था पाहिली आहे त्याला विमानतळाच्या बसवर विश्वास ठेवायला जड जात नाही.

बेत असा होता. विमान पावणेसातला उतरेल, बॅगा घेऊन सव्वासातच्या आत सगळे बाहेर येतील, आठच्या आसपासची बस मिळेल, सव्वानऊपर्यंत पाटो. तिथे माझा मुलगा स्कूटर घेऊन उभा राहील. पेटी आणि एक बॅग तो नेईल. मोठ्या आईंसाठी स्टँडबाहेरून रिक्षा किंवा टॅक्सी, बाकीचे चालत. दिवसा पाटोवर पायलटही असतात. बाहेरच्यांसाठी सांगायचे तर पायलट म्हणजे परवाना असलेली, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी, गोव्याची खास सोय. पण गुडघे धरलेल्या बाईंना तिच्यावर बसवायचा प्रश्न नव्हता.

ओला, उबर गोव्यात चालत नाहीत हे मी भावोजींना आधीच सांगून ठेवले होते. नागपूर-पुण्याचा माणूस विमानातून उतरताच सवयीने तेच अॅप उघडतो आणि गाडी दिसत नाही म्हणून घाबरतो. इथे विमानतळावरचा टॅक्सी काउंटर आहे, 2018 पासून चालणारे गोवा माइल्सचे अॅप आहे. मोपाला पेडण्यातल्या स्थानिक टॅक्सीवाल्यांचा हक्काचा आग्रह आहे आणि तो मला पटतो. सड्यावरच्या गावांनी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांना दारातल्या विमानतळावर धंदा मिळाला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले

विमान तासाभराहून जास्त उशिरा आले. उतरले तेव्हा आठ वाजत आले होते. बॅगांच्या पट्ट्यावर पेटी सगळ्यात शेवटी आली. व्हीलचेअर आधी सांगितलेली होती, ती मिळाली आणि मोठ्या आईंचे दारापर्यंतचे चालणे वाचले. बाहेर यायला साडेआठ झाले. ठरलेली बस आपल्या वेळेवर निघून गेली होती. पुढची सव्वानऊनंतर.

भावोजींचा फोन आला तेव्हा ते बस थांब्यापाशी उभे होते. विचारले, "थांबायचं का?" मी विचारले, मोठी आई बसल्या आहेत का. त्या बॅगेवर बसल्या होत्या. दुपारी दोनला घर सोडलेले, मधुमेह आहे, रात्रीचे जेवण राहिलेले. पाऊण तास थांबायचे, मग तासाभराची बस, मग पाटोवर पुन्हा वाहन शोधायचे. संध्याकाळी उशिरा पणजीत खाजगी बस जवळपास बंद होतात आणि रिक्षा मिळेलच असे नाही. म्हणजे साडेदहा पावणेअकरा. टॅक्सी घ्या, असे मी सांगितले.

काउंटरवर नवी अडचण निघाली. चारचाकीत चारच उतारू बसतात, ती पाच जण घेणार नव्हती. चालकाचे बरोबरच होते. मुलाला मांडीवर घेऊ म्हणून भागत नाही, परवाना असतो, पोलीस असतात आणि अपघात झाला तर विमा असतो. मोठी गाडी हवी तर अर्धा तास लागेल आणि भाडेही बरेच चढेल. दोन गाड्या केल्या तर दुप्पट. भावोजी दोन मिनिटे काउंटरपाशी घुटमळले. त्यांचा भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही व्हा पुढे. मी बसनं येतो." पाठीवरची सॅक तेवढी त्याने आपल्याकडे ठेवली.

एकाच विमानातून, एकाच दारातून बाहेर पडलेली माणसे आता दोन वाहनांनी एकाच पत्त्यावर येणार होती. त्यामुळे हे प्रकरण अभ्यासायला सोपे झाले.

टॅक्सी पावणेनऊला निघाली. चालक पेडण्याचा, मराठी बोलणारा. त्याने मोठ्या आईंना पुढच्या सीटवर बसवले, सीट मागे सरकवून पाय लांब करायला लावले. धारगळ, म्हापसा अर्ध्या तासात. पर्वरीला वीस-बावीस मिनिटे गेली. मांडवीपाशी त्याने ताईला विचारले, पणजी म्हणजे नेमके कुठे. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मांडवीवरच्याच उंच अटल सेतूवरून गाडी मेरशी, बांबोळीकडे निघते आणि शहर खाली राहते. बांबोळीच्या इस्पितळाला किंवा मडगावला जायचे तर तोच रस्ता हवा. पणजी शहरात उतरायचे तर खालचा मांडवी पूल धरून पाटोवर यावे लागते. ताईने मळ्याचे नाव घेतले, त्याने खालचा पूल घेतला. दहाच्या आत ते गल्लीच्या तोंडाशी होते.

भाऊ सव्वानऊनंतरच्या बसमध्ये चढला. तिकीट बसमध्येच काढले. बस अर्धी रिकामी होती, त्याला खिडकी मिळाली. पर्वरीची गर्दी तोवर ओसरली होती. साडेदहाला तो पाटोवर उतरला आणि पावणेअकराला दारात उभा. वाटेत खाडीकाठच्या जुन्या घरांचे फोटो काढत आला होता, म्हणून जरा वेळ लागला.

शेवटची दीडशे पावले

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथून आमचे दार दीडशे पावलांवर, थोडा चढ, मध्ये तीन पायऱ्या आणि त्यांना कठडा नाही. चिऱ्याच्या जुन्या पायऱ्या, कडा झिजून गोल झालेल्या. पस्तीस किलोमीटर तासाभरात झाले. या तुकड्याला पंधरा मिनिटे लागली.

माझ्या मुलाने आतून प्लास्टिकची खुर्ची आणून पायऱ्यांच्या अलीकडे, दिव्याखाली ठेवली. मोठी आई तिथवर काठीने आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. मग एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मी, असे करत एकेक पायरी. आधी चांगला पाय वर, मग दुखरा. फिजिओथेरपीवाल्यांनी त्यांना नागपुरात हेच शिकवले होते आणि त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, "चढताना चांगला, उतरताना दुखरा." खुर्ची पुन्हा उचलून वर ठेवली. आणखी एक बैठक. मग दार.

या तुकड्याचा विचार कोणत्याच प्रवासयोजनेत नसतो. बस तो करत नाही, टॅक्सीही करत नाही. टॅक्सी म्हणजे दारापर्यंत, असे आपण धरून चालतो. जुन्या पणजीत, मळ्यात, फोंताइन्यासमध्ये, आल्तिनोच्या उतारावर ते खरे नसते. फोंताइन्यासच्या रंगीत घरांमध्ये मुक्काम शोधणाऱ्या पाहुण्यांनीही आधी विचारून घ्यावे की गाडी दारापासून किती लांब थांबते आणि मध्ये पायऱ्या किती. फोटोत पायऱ्या सुंदर दिसतात.

हिशेब

चौघांच्या टॅक्सीचे भाडे चौघांच्या बसतिकिटांच्या दुपटीहून थोडे जास्त पडले. एकट्या माणसाने तीच टॅक्सी केली असती तर फरक आठ-दहा पटींचा झाला असता. एकट्याला टॅक्सी महाग आणि कुटुंबाला ती तेवढी महाग नाही, हे गणित लोक करत नाहीत. ते विमानतळावर एक आकडा ऐकून दचकतात किंवा निमूट भरतात. दोघांपर्यंत बस, चौघे आणि म्हातारे माणूस असेल तर टॅक्सी, पाच किंवा सहा असतील तर आधीच सांगून ठेवलेली मोठी गाडी. मी आता विचारणाऱ्याला असेच सांगते. पाच ही संख्या सगळ्यात अवघड, कारण ती एका गाडीत मावत नाही आणि दोन गाड्या परवडत नाहीत. मोठी गाडी ऐनवेळी मागितली की वेळही जातो आणि पैसाही. ती तिकीट काढले त्याच आठवड्यात ठरवायला हवी.

वेळेचा हिशेब पाहिला तर बसने आलेला भावोजींचा भाऊ चौघांपेक्षा पाऊण तासच उशिरा पोहोचला, आणि तो सगळा पाऊण तास थांब्यावर गेला. त्याची बस रस्त्यावर टॅक्सीहून हळू नव्हती. म्हणजे बसची उणीव वाहनात किंवा रस्त्यात नाही, ती दोन फेऱ्यांमधल्या अंतरात आहे. विमाने उशिरा येतात, हिवाळ्याच्या हंगामात तर रोज येतात. बसची वेळ घड्याळाला बांधलेली असेल तर उशिरा उतरलेले दीडशे लोक एकदम टॅक्सीकडे वळतात आणि मागून जाणारी बस अर्धी रिकामी जाते, जशी त्या रात्री गेली. उतरणाऱ्या विमानाला बस बांधली, बॅगांच्या पट्ट्यापाशीच पुढची बस कधी आहे हे मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत दाखवले, आणि पाटोवर रात्री अकरापर्यंत शहरात फिरणारी एक छोटी बस ठेवली, तर भावोजींनी मोठ्या आईंना घेऊनही बसच निवडली असती. हे त्यांनी स्वतः मला सांगितले. ते सरकारी नोकरीतले, एसटीवर वाढलेले. सार्वजनिक गाडीने येण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

स्थानिक टॅक्सीवाल्यांचे पोट आणि चांगली बस यांत झगडा आहे असे मला वाटत नाही. मोठ्या आईंसारख्या प्रवाशाला टॅक्सी लागणारच, आणि त्या चालकाने सीट मागे सरकवून दिली तसे कुणी बसमध्ये करणार नाही. पण सॅक घेतलेल्या पोराला टॅक्सी करावी लागली तर गोवा महाग म्हणून तो पुन्हा येणार नाही. त्यात पेडण्याच्या चालकाचाही तोटा आहे.

दुपारचे दाभोळीचे विमान घेतले असते तर? दुपारी जुवारीच्या नव्या पुलावरून पणजी पाऊण तासात. उजेडात पायऱ्या, घरात माणसे मोकळी, गाडीही कदाचित सुटली असती. पण मुंबईतला विमानबदल मोठ्या आईंना जड गेला असता. तिकिटांतला फरक पाच जणांचा होता, आणि टॅक्सीने त्यातला थोडाच खाल्ला. पैशात थेट विमान स्वस्तच राहिले. माझे मत विचाराल तर थेट विमानच घ्यायचे, फक्त सकाळी किंवा दुपारी उतरणारे. नसेल तर लग्नाच्या दोन दिवस आधीचे पाहायचे. संध्याकाळचेच घ्यावे लागले तर बसचा बेत म्हाताऱ्या माणसाच्या नावावर लावायचा नाही.

परतीचा बेत

परतीची तिकिटे दाभोळीची निघाली होती, दुपारची. हे नागपुरात ताईच्या लक्षात आले नव्हते. तिने मोपालाच जायचे धरले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिकीट पाहिले तेव्हा जीओआय दिसले. दोन दिवस हातात होते, त्यामुळे सगळे नीट ठरवता आले. सातजणांची गाडी आदल्या दिवशी सांगितली आणि चालकाला गल्लीचे तोंड दाखवून ठेवले. मोठ्या आईंना आम्ही तासभर आधी खाली उतरवायला सुरुवात केली, खुर्चीसकट, दुखरा पाय आधी. पेटी स्कूटरवरून गेली. भावोजींच्या भावाने गाडी घेतली नाही. त्याने सकाळीच पाटोवरून वास्कोचे शटल पकडले, तिथून दाभोळीला स्थानिक बस, आणि विमानतळावर तो या चौघांच्या आधी पोहोचला होता. मोठ्या आईंसाठी व्हीलचेअर त्यानेच दाराशी आणून ठेवली.